धांदल्याची नाडी

धांदल्या कासव असूनही जन्मापासून घाईत होता. पाठीवर दप्तर, नजर पुढे आणि डाव्या बुटाची नाडी सुटलेली. बाबांनी त्याला पहिल्यांदा कागदावर काढलं तेव्हा त्यांची लेक दुसरीत होती आणि रोज नाडी न बांधताच शाळेकडे धूम ठोकायची. आता ती लेक पन्नाशीला टेकली होती, धांदल्याची कंपनी चालवत होती आणि ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत.

ज्याला दप्तरावर, डब्यावर किंवा टूथब्रशवर धांदल्या छापायचा असेल त्याने ताईशी करार करायचा आणि माल बाजारात जाण्याआधी नमुना पाठवायचा. दर गुरुवारी नमुन्यांचं खोकं बाबांच्या टेबलावर जाई. ते भिंग घेऊन बसत आणि पसंत पडलं तर तळाशी पेन्सिलीने बरोबरची खूण करत. नियमांच्या वहीतलं पहिलंच वाक्य त्यांच्या हातचं होतं : नाडी कधीही बांधलेली दिसू नये. एकदा एका कारखान्याने नीटनेटकेपणाच्या हौसेने ती बांधून टाकली, तर म्हाताऱ्याने पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा माल नाकारला. कारखानदार हातापाया पडला, पण बाबा काही बधले नाहीत.

अलीकडे मात्र दप्तरवाल्यांनी करार वाढवला नाही, मागोमाग डबेवाल्यांनीही नाही. आजची पोरं धांदल्याला ओळखतच नव्हती. एका कासवाच्या पाठीवर ऑफिसातल्या आठ जणांचे संसार किती दिवस चालणार? ताईने तीन नव्या चित्रकारांची पात्रं घेतली. अंधाराला भिणारा काजवा रात्रीच्या दिव्यांसाठी, सतत शिंकणारी मेंढी स्वेटर-मोज्यांसाठी आणि एक निवांत पाणघोडा टॉवेल-साबणासाठी. एक पात्र आपटलं तर दुसऱ्याने सावरावं, इतका साधा विचार. त्यात गैर काहीच नव्हतं. फक्त बाबांना सांगायचा धीर होत नव्हता. आई गेल्यावर त्यांना धांदल्याशिवाय होतं कोण? त्यात हात थरथरायला लागल्यापासून चित्र काढणंही सुटलेलं. आपल्याला अडगळीत टाकलं असं त्यांना वाटलं तर? सहा महिने नवी खोकी परस्पर ताईच्या खोलीत जात होती. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं.

आणि एका गुरुवारी स्टोअरच्या काकांकडून चुकून खोक्यांची अदलाबदल झाली. ताईने आपलं उघडलं तर आत एकुलता एक टूथब्रश, त्यावर धांदल्या. ती धावतच बाबांच्या खोलीत गेली. बाबांच्या हातात काजवा होता.

"हा कोण?"

"बाबा, मी सांगणारच होते..."

"ते नंतर. हा कोण?"

"काजवा. अंधाराला भितो."

"भितो, मग छताकडे काय बघतोय? भ्यालेलं पोर दाराकडे बघतं. चित्रकाराला सांग." त्यांनी काजवा बाजूला ठेवला. मेंढीच्या तळाशी खूण आधीच झाली होती. "हा पाणघोडा निवांत नाही, नुसता आळशी आहे. परत पाठव."

ताई टेबलापाशी उभीच राहिली. "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं तर! बापापासून लपवलंस त्याचं वाटलं. मला काय दूधखुळा समजलीस?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "धांदल्या मागे पडतोय हे मला तुझ्याआधी कळलंय. दर गुरुवारी खोकं हलकं होत होतं, ठमे."

ठमी म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं. ताईला रडू आवरेना. तिचं आवरेपर्यंत बाबांनी नियमांची वही पुढे ओढली आणि पहिल्या वाक्याखाली काढायला सुरुवात केली. बराच वेळ लागला. रेघ जागोजागी हलली होती, पण धांदल्या ओळखू येत होता. तो पायरीवर बसला होता, दप्तर शेजारी काढून ठेवलेलं, आणि डाव्या बुटाची नाडी नीट बांधलेली.

"बाबा, नाडी..."

"बांधली. पळायला आता तिघं आहेत. त्याला बसू दे."

त्यांनी वही तिच्याकडे सरकवली, वर पेन्सिल ठेवली. "बघ, पसंत आहे का. यापुढे खूण तू करायचीस."

ताईने चित्राच्या तळाशी खूण केली. ती बाबांच्या रेघेपेक्षाही वाकडी आली.