आलो, आलो

“ए अतिरेकी, ड्रम झाला का रे?”

“झालाच, भाऊ. वाफ तेवढी उतरू दे.”

स्ट्रेचरवाल्याने दारातच दोन्ही हात वर केले. “सावकाश बाबा, उडवशील आम्हांला!”

मागच्या नर्सबाया फिदीफिदी हसल्या. तोही हसला. ऑपरेशनचे चिमटे, कात्र्या, कापसाच्या घड्या पत्र्याच्या गोल ड्रममध्ये भरायच्या, वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायच्या आणि थिएटरच्या दारात नेऊन द्यायच्या, हे त्याचं काम. राहायला कालव्यापलीकडच्या वस्तीत. एकदा अतिरेक्यांच्या धरपकडीच्या बातम्यांत ती वस्ती दिसली आणि दुसऱ्याच दिवशी स्ट्रेचरवाल्याने त्याचं हे बारसं केलं. पुढे पुढे डॉक्टरही तसंच म्हणू लागले.

बायको चिडायची. “तुम्हांला काहीच कसं वाटत नाही हो?”

“अगं, मायेनं म्हणतात. परक्याची कोण थट्टा करतं?”

त्या दुपारी बाजारात स्फोट झाला. माणसं हातगाडीवरून, दारं काढून त्यांवरून आणली जात होती. थिएटरबाहेरच्या बोळात नातेवाईक दाटीवाटीने उभे. कुणाच्या हातात कुणाची एकच चप्पल. आतली हत्यारं संपली. स्ट्रेचरवाला दार ढकलून बाहेर आला आणि सवयीने बोळभर ओरडला,

“अतिरेकी कुठं मेला? अरे, अतिरेकीला आणा लवकर!”

बोळ एकदम गप्प झाला.

आणि त्या शांततेत, टोकाकडून, गरम ड्रम दोन्ही हातांनी छातीशी धरून तो पळत येत होता. तो म्हणाला, “आलो, आलो!”

पहिला फटका कुणी मारला ते कळलं नाही. मारू नका म्हणायला त्याला तोंड होतं, पण अडवायला हात नव्हते. हात ड्रमवर होते. ड्रम खाली टेकला की पुन्हा सगळं वाफेला लावावं लागतं, आत माणूस टेबलावर उघडा पडलेला. तो खाली कोसळला तेव्हा ड्रम त्याच्या पोटावर होता, झाकण बंद. स्ट्रेचरवाल्याने ड्रम उचलून आत नेला, मग परत येऊन ओरडला, “अरे, हा आपला आहे, आपला!”

जिभेला हाड नसतं म्हणतात. हाडं मोडली ती त्याची.

स्फोट कुणी घडवलाच नव्हता. गोदामात चोरून साठवलेलं रसायन पेटलं होतं. मालकाला कुणी काही म्हटलं नाही. पेपरात तो ‘व्यापारी’, त्याची ‘हलगर्जी’. बोळातला मार म्हणजे ‘नातेवाइकांचा संताप’. मोठे डॉक्टर म्हणाले, “गैरसमज झाला.” एवढे स्वच्छ, धुतलेले शब्द! वॉर्डच्या वयस्क सिस्टर देवाचं नाव घेतल्याशिवाय ड्यूटीला उभ्या राहत नसत. ते सगळं त्यांनी वाचलं. पेपर चुरगाळून त्यांनी घाण टाकायच्या बादलीत टाकला आणि कोपरापर्यंत हात धुतले.

आठवड्याने स्ट्रेचरवाला फळं घेऊन आला. खाटेशी बायको बसली होती. तिने पिशवीला हात लावला नाही. सिस्टर टाके पुसत होत्या.

“कसायस?” स्ट्रेचरवाला म्हणाला. मग सिस्टरांकडे वळून, “चौकशी लावलीय हो माझ्यावर. आता काय सांगायचं? आम्ही प्रेमानंच म्हणायचो. तो स्वतः हसायचा. विचारा की त्याला.” आणि खाटेवर वाकून, “काय रे? राग होता का तुला कधी? सांग की.”

सवयच ती. सुजलेल्या तोंडावर हसू फुटायला लागलं. वरच्या ओठाचा टाका ताणला आणि दोऱ्याशी रक्ताचा थेंब उभा राहिला.

सिस्टरांनी तो अलगद टिपला.

“आता हसायचं नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “टाका उसवेल.”

त्याने सिस्टरांकडे पाहिलं, मग बायकोकडे. सावकाश, कष्टाने, ओठ मिटून घेतले.

स्ट्रेचरवाला वाट बघत उभाच राहिला.