पूस महिन्यातली गेडी

झाडीपट्टीच्या नाटकातला नायक दुसऱ्या अंकात परदेशी जातोच जातो. का जातो, हे विचारणारा प्रेक्षक अजून जन्माला यायचा आहे. तो जातो, तिथे एक गाणं नाचतो आणि आई आजारी पडली की तिसऱ्या अंकात परत येतो. वडशाच्या नाटक कंपन्यांनी लंडन आणि स्वित्झर्लंड इतकं दाखवलं, की आता खेड्यातल्या म्हाताऱ्यासुद्धा पडद्यावरचा बर्फ बघून जांभया देतात. म्हणून यंदा सरिताने मालकांना सांगितलं, "भाऊ, हिरोले त्रिनिदादले पाठवा."

मालक म्हणजे लटारूभाऊ. पान चघळत त्यांनी विचारलं, "हे कुठी आलं, पोट्टी?"

"वेस्ट इंडिजमधी, भाऊ. समुद्रातला देश हाय."

"म्हंजे क्रिकेटवाले. थे बॅट घेऊन नाचतीन का?"

सरिता माजरीच्या कोळसा खाणीतल्या फिटरची मुलगी. चार लोकांची बोलणी खाऊन, नर्स व्हायचं सोडून ती नाटकात आली आणि इतके हंगाम मागच्या रांगेत नाचत होती. आपण स्वतः नाच बसवावा, हे खूळ तिच्या डोक्यात मोबाइलवर त्या देशाचे व्हिडिओ बघून शिरलं होतं. आता तिला कोण अडवणार? तिने सगळंच सांगितलं. तिथे डांबराचं तळं आहे आणि त्याच्यावरून माणसं चालतात. संध्याकाळी खारफुटीत लाल पक्षी उतरतात, तेव्हा हिरवी झाडं बघता बघता लाल होतात. आपल्याकडून ऊस तोडायला जहाजाने नेलेल्या लोकांची नातवंडं-पतवंडं तिथे पुरीसारख्या दोन मऊ बाऱ्यांत छोले भरून खातात. तेलाचे रिकामे पिंप ठोकून ठोकून तिथले लोक त्यातून सूर काढतात. आणि कार्निव्हल आला की अख्खा देश रस्त्यावर येऊन नाचतो.

कपडे शिवणारे वहाबचाचा मशीन थांबवून ऐकत होते. तिथे मोहरमचे ताजियेसुद्धा निघतात आणि ते बघायला सगळ्या जातीधर्मांचे लोक येतात, हे ऐकल्यावर तर ते म्हणाले, "लटारू, हिरोला तिकडेच पाठव. मी कपडे फुकट नाही, पण मन लावून शिवतो."

लटारूभाऊंनी पान थुंकलं. "रविवारी रामाजीभाऊच्या गावचं मंडळ नाटक ठरवाले येऊन राह्यलं. त्याहिले नाच आवडला तं पोस्टरवर तुह्यं नाव टाकतो, नृत्य दिग्दर्शिका म्हणून. नाई आवडला, तं नागपूरचा डान्स मास्तर बोलावतो. मंग तू मांगच्या लाइनीत, अन् तिथूनच म्हातारी होजो."

सरिता कामाला लागली. वडिलांनी भंगारातून एक पिंप विकत घेऊन, ठोकून पाठवलं. त्यातून पाच सूर निघत, त्यातले तीन बरे होते. मुलींना कमरेच्या ठेक्याची सवय झाली. पण नाचाचा जीव होता मोको जंबी. म्हणजे उंच उंच काठ्यांवर चालणारा, मिरवणुकीत सगळ्यांच्या डोक्यावरून बघणारा तो रखवालदार. काठ्यांवर चालणार कोण?

उत्तर स्वयंपाकघरात होतं. कंपनीचा स्वयंपाक करणारी सोमारीबाई धानोऱ्याकडची गोंडीण. लहानपणी गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच काठ्यांवर चढली की गावातल्या पोरांना हरवायची, हे तिनेच एकदा भाजी चिरताना सांगितलं होतं. सरिताने मोठ्या हौसेने बांबू तोडून आणले, खुंट्या ठोकून गेड्या बनवल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकवून ठेवल्या. बाई खूश होईल, असं तिला वाटलं. खाणीच्या कॉलनीत वाढलेली पोरगी. तिच्या लेखी गेडी म्हणजे सायकलसारखंच पोरांचं खेळणं.

सोमारीबाई बाहेर आली आणि दारातच थबकली. तिने आधी डाळीवर झाकण ठेवलं.

"हे कोणं आणलं?"

"मी. बाई, तुम्ही मोको व्हा नं."

"पूस महिन्यात गेडी? डोस्कं फिरलं का तुह्यं?" सोमारीबाई खरोखर दोन पावलं मागे सरकली. "आखाडात जिवतीच्या अवसेले गेडी बनवाची, पोळ्यावरी चालाची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडा पिडा, खोकला, ताप, सारं तिच्यावर बसवून शिवेबाहेर सोडाची. नंतर जो चढन, तो थे सारं वापस आणन. मी चढत नाई. अन् तूही चढू नोको."

सरिताने गेड्या उचलल्या आणि शेडच्या मागे नेल्या. सोमारीबाईचं मन दुखावलं, याचं तिला वाईट वाटलं. पण मागच्या रांगेत म्हातारं व्हायची तिची तयारी नव्हती. शेवटी ती स्वतःच चढायला लागली. चढायची, दोन पावलं टाकायची, आपटायची. सोमारीबाई खिडकीतून बघत नव्हती, असं तिचं स्वतःचं म्हणणं. ती फक्त डाळीशी बोलायची. "पायाकडं पाह्यलं का माणूस पडते. पण सांगाव कोणाले?" सरिता बाहेरून मोठ्याने मोकोची गोष्ट सांगायची, जणू बांबूंना ऐकवत होती. भांडण असं दोन्ही बाजूंनी इमानदारीने चाललं होतं.

रविवारी दुपारी रामाजीभाऊ मंडळासह आले. खुर्च्या मांडल्या, चहा झाला, पिंप वाजू लागलं. वहाबचाचांनी शिवलेले रंगीत पिसांचे पोशाख घालून मुली नाचत आल्या. मंडळींचे पाय हलायला लागले. मग लांबलचक लाल पायजमा घातलेली सरिता गेडीवरून आत आली.

रामाजीभाऊ ताडकन उठले. "बंद करा! पूस महिन्यात गेडी? आमी गावाबाहेर सोडली थे रोगराई तुमी नाटकातून वापस आणता का?"

सरिताचा तोल गेला. ती धाडकन पडली, कोपर सोलवटलं आणि पिंप गप्प झालं. मंडळी चपला शोधू लागली. लटारूभाऊंनी खिशातून मोबाइल काढला. "मास्तरचा नंबर कोणापाशी हाय रे?"

जमिनीवर बसलेल्या सरिताला रडू आवरेना. लागलं म्हणून नाही. संपलं म्हणून.

तेवढ्यात हातात पळी घेऊन सोमारीबाई आली. आधी तिने सरिताच्या कोपराची माती झटकली, मग रामाजीभाऊंसमोर उभी राहिली.

"भाऊ, तुमची शिव कुठवरी?"

"नाल्यावरी."

"त्याच्या पल्याड?"

"दुसरं गाव. त्याच्या पल्याड तिसरं."

"अन् साऱ्या गावाइच्या पल्याड?"

रामाजीभाऊ विचारात पडले. "समुद्र असन, बाई."

"तं आपण साल-दर-साल पिडा शिवेबाहेर धाडतो. दुसरं गाव तिसऱ्याकडं धाडते. थे जाते कुठी? कोणी इचारलं?" तिने पळी लांबवर रोखली. "समुद्राच्या त्या आंगाले हा मोको उभा हाय. आफ्रिकेतून समुद्र चालत गेला, म्हणून एवढा उंच. उंच हाय म्हणून पिडा त्याले दुरूनच दिसते, अन् थो अडवते. तुमचा ताप, माह्या गावचा खोकला, सारं थो एकटा अडवून राह्यला. अन् तुमी त्याले म्हणता, बंद करा?"

तिने पळी लटारूभाऊंच्या हातात दिली. पदर कमरेला खोचला, भिंतीला हात लावून देव आठवला आणि लुगड्यातच गेडीवर चढली.

मग काय विचारता! पंचावन्न-साठीची ती बाई एका गेडीवर उडी मारून दुसरी हवेत फिरवायला लागली. पिंपवाल्याला चेव आला. त्याला आज पाचही सूर बरे लागले. मुली तिच्या पायांखालून वाकून नाचत गेल्या. सरिताही सोललेलं कोपर विसरून त्यांच्यात घुसली. सोमारीबाई गेडीवर होती आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. हे बघून सरिताला हसू येत होतं आणि रडूही थांबत नव्हतं.

नाच संपला. रामाजीभाऊंनी घसा खाकरला. "माह्याही खोकल्याले अडवा, पुन्हा एकडाव होऊ द्या. वन्समोर!"

पुन्हा झाला. मग ते म्हणाले, "नाटक पक्कं. पण खेळ झाला का गेडी आमच्या शिवेबाहेर सोडून जा लागन. अर्धवट काम नाई चालत."

"गावोगावी नवी गेडी बनवू," सरिता बोलून गेली. मालकांना विचारायचं राहूनच गेलं.

लटारूभाऊ अजून पळी धरून उभे होते. त्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि पहिल्यांदाच तिच्याशी जरा अदबीने बोलले. "पोस्टरवर कसं टाकू? सरिता, का सरिताबाई?"

सरिताने डोळे पुसले. "सरिताबाई टाका, भाऊ," ती म्हणाली. "पण सोमारीबाईचं नाव वर. नाचल्या त्या. चढल्या त्या."

सोमारीबाई खाली उतरून पदराने घाम पुसत होती. तिने लटारूभाऊंच्या हातून पळी काढून घेतली.

"मी कवा चढली? मी तं सैपाक करून राह्यली होती. चढला थो मोको."