मास्तरांची शेवटची ओळ

सकाळचे ऊन आमच्या शाळेच्या फाटकाशी एकदम येत नाही. शहरापलीकडून, किल्ल्याच्या बाजूने ते निघते आणि पहिल्यांदा रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या शेंड्यावर थबकते. शेंडा पिवळा होतो, खालची पाने अजून काळीच असतात. मग कौलांची एक रांग उजळते, मग तिच्या खालची. रस्त्यावरची धूळ रात्रभर निजलेली असते. तिच्यातल्या चाकोऱ्यांत सावली साचलेली असते आणि ऊन तिला कडेकडेने, घाई न करता, पुसत जाते. फाटकाच्या गजांच्या सावल्या अंगणात लांबलचक पडतात. एखादी चिमणी त्यांच्यामधून उड्या मारीत जाते. हे सगळे झाल्यावर ऊन माझ्याकडे वळते. आधी माझी वरची चौकट, मग तारीख, मग पहिली ओळ, मग दुसरी. नुकते वाचायला शिकलेल्या मुलासारखे ते अडखळत खाली उतरते, आणि शेवटच्या ओळीपाशी पोहोचेपर्यंत पुण्याच्या रस्त्याला गाड्यांची वर्दळ लागलेली असते.

मित्रांनो, त्या उन्हाने पुष्कळ वर्षे वाचलेला मी एक जुना फळा आहे. वर्गातला नव्हे, फाटकाजवळच्या भिंतीवरचा. ‘पालकांस सूचना’ हे शब्द माझ्या कपाळावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले आहेत.

माझा जन्म माराने झाला. राजूरकडच्या डोंगरात मी साग होतो. कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला तेव्हा माझ्यावरची पाखरे उडाली आणि परत आली. दुसऱ्या घावानंतर ती आली नाहीत. मग करवतीने मला उभे चिरले. नगरला नूरमहंमद सुतारांनी माझ्या फळ्या एकमेकींत ठोकून बसवल्या. “लई गाठीचं हाय हे,” असे म्हणत त्यांनी माझ्या अंगात खिळे मारले, आणि जवसाच्या तेलात खललेली काजळी माझ्या जखमांवर फासली.

शाळेतही निराळे काही दिसले नाही. उशिरा येणाऱ्या मुलांना हेडमास्तर माझ्याच खाली उभे करीत आणि वेताच्या छडीने त्यांचे तळहात सुजवीत. मधल्या सुट्टीत तीच मुले माझ्यावर दगडांनी नेम धरीत. मार वरून खाली येतो आणि शेवटी माझ्यापाशी थांबतो, अशी माझी समजूत झाली होती.

मग गहिनीनाथ मास्तर आले.

ते तरुण होते, सडपातळ होते आणि इतके लाजाळू होते की कोणी नुसते नाव घेऊन हाक मारली तरी त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. त्यांचे अक्षर सुरेख म्हणून फाटकावरच्या सूचना लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. ते आधी ओल्या फडक्याने मला पुसत, मी वाळेपर्यंत थांबत, आणि मग खडू असा टेकवीत की मला त्याचा भार जाणवत नसे. फी अमुक तारखेच्या आत भरावी. देवीची लस टोचणारे डॉक्टर येणार आहेत, मुलांना आखूड बाह्यांचा सदरा घालून पाठवावे. सहामाही परीक्षेच्या दिवसांत मुलांना कापणीला थांबवू नये. लढाईचे दिवस आहेत, वसतिगृहात रॉकेल मिळत नाही, तरी पणतीचे तेल घरून द्यावे.

पण लिहून भागत नसे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली माणसे आमच्या फाटकावरूनच शहरात जात. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून त्या सकाळी सूचना मोठ्याने वाचून दाखवण्याचा शाळेचा रिवाज होता. आया डोक्यावरची गाठोडी उतरवून बसत, बाप गाडीच्या जुवाला टेकून उभे राहत, आणि मास्तर वाचत. मात्र लोकांकडे तोंड करून उभे राहिले की त्यांचा शब्द घशातच अडके. म्हणून ते लोकांकडे पाठ करीत, माझ्याकडे पाहत, आणि बोट ओळीखाली सरकवीत वाचत.

केडगावचा छगन गाडीवान एकदा ओरडला, “मास्तर, तोंड दावा की! नव्या नवरीवानी भिंतीकडं काय बघताय?”

सगळे खिदळले. फक्रुद्दीनभाई बागवान हसू दाबून म्हणाले, “ऱ्हाऊ दे रे छगन. आवाज येतोय न्हवं? तोंड तुझं बघतोय आमी, तेवढं बास हाय.”

मास्तरांचे कान लाल झाले. पण ओठांच्या कोपऱ्यात आलेले हसू फक्त मला दिसले. मित्रांनो, त्यांचा वाचतानाचा चेहरा माझ्याशिवाय कोणीच पाहिलेला नाही.

सूचना संपल्यावर खाली, जरा बारीक अक्षरांत, मास्तर स्वतःची एक ओळ लिहीत. ती कोणी सांगितलेली नसे. ‘पहाटे गारठा वाढला आहे, अंथरुणात एक घोंगडी जास्त द्यावी.’ ‘वसतिगृहातली मुले आठवण काढतात, रिकाम्या हाताने आलात तरी चालेल, पण यावे.’ लोक त्या ओळीची वाट पाहत. वाडीवरची गोजरबाई तर ती ऐकल्याशिवाय गाठोडे उचलत नसे. तिचा नवरा नव्हता. कारभारी नावाचा एकुलता मुलगा वसतिगृहात राहून शिकत होता. मास्तर थांबले की ती म्हणे, “मास्तर, श्येवटची वळ ऱ्हायली.”

बेचाळीस साल उजाडले. त्या पावसाळ्यात मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. घोषणा झाल्या, कोणीतरी पोस्टाच्या काचा फोडल्या, आणि संध्याकाळी पोलीस वसतिगृहात शिरले. मी भिंतीवरून फक्त आवाज ऐकले. पत्र्याच्या पेट्या आपटल्याचे, काठ्यांचे, आणि मग कोवळ्या आवाजांतले असे काही, जे मी कुऱ्हाडीखाली असताना माझ्याकडूनही निघाले नव्हते. मुले अंधारात रानोमाळ पळाली. कारभारीचा हात मनगटाशी मोडला होता. तो कसाबसा मामाच्या गावी पोहोचला.

वरून हुकूम आला. जी मुले शाळा सोडून गेली, त्यांच्या पालकांनी येत्या बाजाराच्या दिवशी मुलास समक्ष आणून हमीच्या कागदावर सही अगर अंगठा द्यावा. न आल्यास नाव पटावरून कायमचे कमी होईल. ज्याचे नाव कमी झाले, त्याला जिल्ह्यातली दुसरी शाळा घेणार नव्हती.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मास्तर ही सूचना लिहीत होते. लिहिता लिहिता ते थांबले आणि मागे उभ्या असलेल्या हेडमास्तरांना म्हणाले, “सर, खेड्यांत हे उद्याच कळणार. कळेल त्याच दिवशी मुलाला कुठून आणतील? एक बाजार मुदत द्या.”

“वरून विचारले तर मी काय सांगू?”

“माझे नाव सांगा,” मास्तर म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की हेडमास्तरांना पुन्हा विचारावे लागले. हेडमास्तरांनी सूचना वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. मग म्हणाले, “लिहा. खाली लिहा.”

त्या रात्री मी शेवटची ओळ छातीवर घेऊन होतो.

सकाळी, ऊन तारखेवर आले असेल नसेल, एक पोलीस आला. त्याने माझ्या वरच्या कोपऱ्यावर खळ फासली आणि एक छापील कागद चिकटवला. आला तसा तो निघून गेला. थोड्याच वेळात गाड्या येऊ लागल्या. त्या दिवशी नेहमीपेक्षा गर्दी जास्त होती, कारण पळालेल्या मुलांचे काय होणार हे प्रत्येकाला ऐकायचे होते.

“ह्यो कागद कशाचा?” फक्रुद्दीनभाईंनी विचारले. त्यांचा धाकटा मुलगाही परागंदा होता.

“सरकारचा आहे. तो आधी वाचा,” हेडमास्तर दारातून म्हणाले आणि आत गेले.

मास्तरांनी लोकांकडे पाठ केली, बोट कागदावर ठेवले आणि वाचले, “पाच अगर त्याहून अधिक इसमांनी सार्वजनिक जागी जमू नये. जमल्यास बळाचा वापर करून...”

“मंग आमी काय करायचं?” छगन म्हणाला. “ह्यो कागद चौघं चौघं येऊन ऐकायचा व्हय?”

“तू येकटाच पाचाच्या जागी हाईस,” फक्रुद्दीनभाई म्हणाले. “प्वाट बघ जरा!”

हशा पिकला. भीतीने आवळलेली माणसे हसायला लागली की जास्तच हसतात. जमू नका हे ऐकण्यासाठी जमलेले ते लोक एकमेकांच्या खांद्यावर रेलून हसत होते. त्या हसण्यात शहराच्या बाजूने येणाऱ्या लॉरीचा आवाज बुडून गेला.

गोजरबाई तेवढी हसली नाही. “आदी पोरांचं वाचा, मास्तर. माझं पोरगं मामाकडं हाय. हात मोडलाय त्येचा. आज कसं आनू मी?”

“मावशी, शेवटपर्यंत ऐका,” मास्तर म्हणाले. आणि वाचू लागले.

मित्रांनो, मला त्यांच्या खांद्यावरून पलीकडचे दिसत होते. लॉरी थांबली. खाकी कपड्यांतले पोलीस उतरले, काठ्या हातांत घेतल्या, रांग धरली. पुढे फौजदार होता. माझ्या अंगभर शब्द होते, पण त्यांतला एकही मला उच्चारता येत नव्हता.

“पांगा!” एवढेच फौजदार ओरडला, आणि तो शब्द खाली पडण्याआधी काठ्या पडल्या.

पहिली काठी छगनच्या खांद्यावर बसली. तो हसत होता. ते हसू तोंडावर तसेच राहून तो गुडघ्यावर आला. जुवाचे बैल उधळले. एक गाडी उलटली आणि तिच्याखाली एक म्हातारी सापडली. कोणी दगड उचलला, कोणाचे दात धुळीत सांडले. फक्रुद्दीनभाई एका अनोळखी बाईला पाठीशी घालून उभे राहिले आणि त्यांच्या फेट्यातून रक्त निथळू लागले. चिमणी नाचायची त्या सावल्यांवर माणसे तुडवली जात होती. “पळा! पळा रं!” एवढेच ऐकू येत होते.

मास्तरांना सगळे कळले होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता. रंग उडाला होता. पण बोट शेवटच्या ओळीवर होते. ती ऐकल्यावाचून ही माणसे पांगली, तर पुन्हा या फाटकाशी फिरकणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. आणि तो लाजाळू माणूस आयुष्यात पहिल्यांदा ओरडला, “ऐका! ज्यांना आज मुलास आणणे जमले नाही, त्यांनी पुढल्या बाजाराला आणावे! तोवर कोणाचेही नाव...”

“अजून भाषण ठोकतोस?” फौजदार मागे येऊन उभा होता.

“सूचना आहे, साहेब,” मास्तर न वळता म्हणाले. “एवढेच वाक्य...”

काठी त्यांच्या मस्तकावर उतरली. कपाळ माझ्यावर आदळले आणि नूरमहंमदांनी बसवलेला माझा मधला जोड कडकन उकलला. दुसरा घाव पडला. “कमी होणार नाही,” मास्तर म्हणाले. ते त्यांनी माझ्या छातीवर ओठ टेकून म्हटले. मग ते माझ्यावरून घसरत खाली गेले, आणि वरच्या ओळी त्यांच्या सदऱ्याने पुसत गेल्या. शेवटची ओळ तेवढी, त्यांच्या तळहाताखाली झाकलेली, राहिली. तिच्यावर रक्त ओघळले आणि खडू भिजून लाल झाला.

पळालेल्यांतून एकच बाई परत आली. गोजरबाई. तिने मास्तरांचे डोके मांडीवर घेतले आणि खाली पदर घातला. “ऐकलं मी, मास्तर. पुढल्या बाजाराला आनते,” ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मास्तरांचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडे लागले होते. ते वाचत आहेत, असे मी समजलो. त्यांना गाडीत घालून नेले तेव्हाही ते डोळे माझ्याकडेच होते.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर आले. त्यांच्याबरोबर कचेरीतला एक माणूस होता. तो सांगत गेला आणि हेडमास्तर माझ्या कोपऱ्यात लिहीत गेले, ‘गहिनीनाथ मास्तर रजेवर आहेत.’

मी फळा आहे. माझ्यावर लिहिलेले खरे मानायचे, हीच माझी सवय. मी ते मानले. रजेवर गेलेला माणूस परत येतो.

पुढल्या बाजाराला गोजरबाई कारभारीला घेऊन आली. त्याचा हात झोळीत होता. तिने ऐकलेली ओळ वाड्यावस्त्यांवर जाऊन सांगितली होती. तिच्यामागे डोक्याला पट्टी बांधलेले फक्रुद्दीनभाई होते, खांदा बांधलेला छगन होता, कितीतरी आईबाप होते, आणि प्रत्येकाबरोबर एक मान खाली घातलेला मुलगा होता. अंगठे उमटले. कोणाचेही नाव कमी झाले नाही.

त्यानंतर नव्या मास्तरांनी लोकांकडे तोंड करून खणखणीत आवाजात सूचना वाचल्या. खाली जास्तीची ओळ कोणी लिहिली नाही. कोपऱ्यातल्या वाक्यावरून मात्र कोणी फडके फिरवले नाही. पावसाने खडू उडाला की हेडमास्तर ते पुन्हा गिरवीत, आणि मी पुन्हा वाट पाहू लागे.

कारभारी मॅट्रिक झाला तेव्हा गोजरबाई त्याच्याबरोबर आली. तिने माझ्या चौकटीवर गुळाचा खडा ठेवला आणि उकललेल्या जोडावरून हात फिरवला.

“कोपऱ्यात काय लिवलंय रं?”

“मास्तर रजेवर आहेत म्हणून, आये.”

“कोन म्हनतं?”

“फळा म्हणतो.”

“मंग फळा खोटं बोलतो,” ती म्हणाली. “माझ्या मांडीवर...”  तिने पदराचे टोक तोंडात धरून ओले केले आणि ते वाक्य पुसून टाकले.

मित्रांनो, आता स्वराज्य आले आहे. फाटकावर काचेचा नवा फलक लागला आहे आणि मी मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभा आहे. तुम्ही मला टेकून बसता, चाकूने नावे कोरता. त्याचे मला दुःख नाही. माझा जोड जमला तर सांधा, नाही जमला तर राहू द्या. पण माझ्या जागी आलेल्या फलकाची काळजी घ्या. दूरवरून, कामे टाकून, डोक्यावर गाठोडे घेऊन आलेली माणसे त्याच्यावर विश्वास ठेवतात. त्याच्यावर खोटे लिहू नका आणि कोणाला लिहू देऊ नका. आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा.

पडवीतही सकाळचे ऊन येते. ते माझ्यावरून खाली उतरते आणि रिकाम्या कोपऱ्यापाशी थांबते. तिथे जे लिहायला हवे होते, ते मी इतकी वर्षे मानले नाही. आज मानतो.

पालकांस कळविण्यात येते की, गहिनीनाथ मास्तर मरण पावले आहेत.