गाडी माझ्या नावावर आहे

आमच्या सॉल्ट लेकच्या घरात मोटार माझ्या नावावर आहे आणि किल्ली माझ्याच कपाटात असते. यजमान बँकेच्या बदलीवर कलकत्त्यास आले, तेव्हापासूनची ही शिस्त आहे. गेल्या वर्षी सूनबाई ऋताने फाटकाच्या खांबाला गाडी घासली. त्याच दिवशी मी सांगितले, की यापुढे तिने गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही. विषय संपला.

शहराबाहेरच्या महामार्गावर आता टोलनाका उरलेला नाही. वर लोखंडी कमान, तिच्यावर कॅमेरे. गाडी न थांबता खालून निघून जाते आणि टोल आपोआप कापला जातो. कोणालाही न विचारता पुढे जाऊ द्यावे, ही पद्धत मला मान्य नाही. मात्र गाडी माझी असल्यामुळे प्रत्येक वेळी संदेश माझ्याच मोबाइलवर येतो, एवढे त्यातल्या त्यात बरे.

एका शनिवारी सकाळी मुलगा सलील सियालदहच्या बाजारात जातो असे सांगून किल्ली घेऊन गेला. ऋताही निघाली, ती मात्र काही बोलली नाही. तासाभराने संदेश आला, की गाडी महामार्गावरच्या कमानीखालून गेली. सियालदहच्या वाटेवर महामार्ग लागत नाही. दोघे फ्लॉवर घेऊन परतले. मी फ्लॉवर कसा दिला एवढेच विचारले. अपराध पुरता पिकू द्यावा, असे माझे धोरण आहे. पुढच्या शनिवारीही तेच घडले.

तिसऱ्या शनिवारी जेवणे झाल्यावर मी तिन्ही संदेश मोठ्याने वाचून दाखवले. सलील ताकाच्या वाटीत पाहत राहिला.

"गाडी मी चालवत होते, आई," ऋता म्हणाली. "पूर्वी नाक्यावरच्या रांगेत सारखं थांबायची धास्ती वाटायची. आता थांबावंच लागत नाही."

मला सगळे कळते, याचा तिला विसर पडला होता का, असे मी विचारले.

"विसर कसा पडेल? म्हणून तर तोच रस्ता धरला. विचारलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असता. आणि तुम्हाला न कळवता जाणं मला पटत नव्हतं. दोन आठवडे तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुमची हरकत नाही."

माझ्या धोरणाचा असा अर्थ कोणी काढील, हे ध्यानात आले नव्हते. दोन आठवड्यांचे मौन परत घेण्याचीही सोय नव्हती. तेव्हा मी निर्णय दिला: पुढच्या शनिवारी सकाळी सहाला निघायचे. ऋताने गाडी चालवावी, तिच्या शेजारी मी बसेन. सलीलने मागे बसावे. खोटे तो बोलला होता.