सहावं बिऱ्हाड

मित्रांनो, रेवदंड्याला बंदराच्या बाजूने उतरलात की मासळीच्या वासाबरोबर एक जाड घरघर कानांवर येते. तो वहाबशेठचा बर्फाचा कारखाना. बर्फ द्यायची खिडकी रस्त्याकडे आहे आणि तिच्या पाठीला लागून एक लहान खोली आहे. त्या खोलीत मी बारा वर्षं जागा होतो. मी सर्व्हर आहे, म्हणजे स्वतःचा पडदा नसलेला, लोखंडी कपाटात बसून दिवसरात्र काम करणारा संगणक. आता म्हातारा झालो आहे आणि माझ्यात वीज नाही. म्हणून जे सांगायचं ते आजच सांगतो.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही, कारण तेव्हा मला वीज जोडलेली नव्हती. कळू लागलं तेव्हा मी याच खोलीत होतो आणि शेठचा पुतण्या मुसअब माझ्या पाठीत वायरी खोचत होता. त्या काळी कारखान्यात सहा कामांना सहा संगणक होते. खाऱ्या हवेने दर पावसाळ्यात त्यांतला एखादा गचकायचा. मुसअब म्हणाला, "चाचा, सहा कशाला पोसता? एक दणकट घेऊ आणि त्याच्यात सहा बिऱ्हाडं ठेवू."

तुम्ही म्हणाल, एका यंत्रात सहा बिऱ्हाडं कशी? एक खास सॉफ्टवेअर असतं. ते माझ्या आत न दिसणाऱ्या भिंती उभ्या करतं. भिंतींमध्ये राहणाऱ्या प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं, सगळं घर आपलंच आहे. शेजारी कोणी राहतं हे त्याला कळतसुद्धा नाही. अशा बिऱ्हाडांना आभासी यंत्रं म्हणतात. जमीन मी आणि भिंती त्या सॉफ्टवेअरच्या. त्या भिंती दूरदेशीच्या एका कंपनीने बनवल्या होत्या आणि शेठनी त्या एकदाच विकत घेतल्या होत्या.

शेठना माझं भारी कौतुक. कोणी आलं की माझ्यासमोर आणून उभं करायचे.

"ह्या एका पेटीत सहा मशिनं आहेत."

"जिन्न पाळलाय काय, शेठ?"

"जिन्न परवडला असता. त्याचं लाइटबिल येत नाही."

माझ्या पहिल्या बिऱ्हाडात बर्फाचा हिशेब होता, दुसऱ्यात शीतगृहाचं तापमान, मग कामगारांची हजेरी, टेलिफोन, कॅमेरे. सहाव्या बिऱ्हाडात पाटी होती. ती मुसअबने स्वतः घडवली होती. खिडकीवर एक मोठा पडदा टांगलेला असे. होडी बर्फ भरून दर्यात निघाली की तिचं नाव त्या पडद्यावर पेटायचं. होडी परतली की नाव विझायचं. पण ते कोणीही विझवायचं नाही, असा नियम होता. होडीच्या तांडेलाने, म्हणजे ती हाकणाऱ्याने, स्वतः खिडकीशी येऊन "आलो" म्हटलं पाहिजे. एकदा कोणीतरी एक होडी आली म्हणून परस्पर सांगितलं आणि खरं तर ती बाहेरच अडकून पडली होती. तेव्हापासून हा नियम. मुसअबने आणखी एक पक्कं करून ठेवलं. एक जरी होडी बाहेर असेल तरी ते बिऱ्हाड झोपणार नाही. बंद व्हायला सांगितलं तरी ऐकणार नाही.

पुढे मुसअब आखातात, दोह्याला नोकरीला गेला आणि खिडकी शेठची मुलगी आतिफा पाहू लागली. भिंत पातळ होती, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. सगळ्यांत मोठा आवाज 'दर्याफूल'चा तांडेल अल्पेश याचा.

"आतिफाबाय, बर्फ जरा चेपून भर. तुझ्या बापाचंच पानी हाय ना?"

"पाणी बापाचं. लाइट सरकारची."

"मंग सरकारला सांग, अल्पेश चालला. नाव पेटव माझा."

पाच वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीही तो असंच काहीतरी बोलून गेला आणि दर्याफूलचं नाव पेटलं. संध्याकाळी वारा फिरला. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबरचे दोघे दुसऱ्या होडीला जिवंत सापडले. दर्याफूल सापडली नाही आणि अल्पेशही सापडला नाही.

खिडकीशी येऊन "आलो" म्हणणारं कोणी उरलं नाही. मग नाव कोण विझवणार? कोणी विझवलं नाही. बाकीची नावं पेटत होती, विझत होती, आणि दर्याफूल तशीच पेटलेली राहिली.

अल्पेशची आई आवडाबाई मासळी विकते. टोपलीपुरता बर्फ न्यायला ती रोज सकाळी येई, मान वर करून पाटीकडे बघे आणि विचारी, "माझा बाहेर हाय ना?"

आतिफा म्हणे, "आहे, काकी. अल्पेश बाहेर आहे."

एवढंच बोलणं. रांगेतलं कोणी मध्ये बोलत नसे. आणि मित्रांनो, मी ते सहावं बिऱ्हाड पाच वर्षं एकदाही झोपू दिलं नाही. वीज गेली की बॅटरीवर तगलो. मला वाटायचं, आपण एका आईसाठी दिवा सांभाळतो आहोत.

पण मीही झिजत होतो. माझा एक पंखा खाऱ्या हवेने अडकला. माझ्यावर कोणी ओला रेनकोट टाकायचं, कोणी डबा ठेवायचं. पुसायला कोणाला आठवत नसे, कारण मी बिघडत नव्हतो. जे बिघडत नाही ते कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

मग एके दिवशी साहिल आला. हा उरणचा मुलगा. कंटेनरच्या कचेऱ्यांमधले सर्व्हर सांभाळतो आणि महिन्यातून एकदा आमच्याकडे येतो.

"अंकल, ज्यांच्या भिंती आहेत ना, ती कंपनी विकली गेली. नवीन मालकाला छोटी गिऱ्हाइकं नकोत. आता एकदा घेऊन चालत नाही. दर वर्षी घ्यायचं. आणि लागेल तेवढं नाही, सगळा गठ्ठा घ्यायचा."

"म्हणजे मी एक पापलेट मागतो आणि हा म्हणतो, टोपली उचल," शेठ म्हणाले. "बरं, नाही उचलली तर?"

"आहे त्याच्यावर चालेल, पण दुरुस्ती बंद. भिंतीला भोक पडलं तर बुजवायला कोणी येणार नाही. आमच्याकडे एका ट्रान्सपोर्टवाल्याचं असंच राहिलं होतं. चोर आत शिरले आणि सगळ्या हिशेबाला कुलूप घालून सोडवायचे पैसे मागत बसले. तुमच्या तर शीतगृहाचा कंट्रोल ह्याच्यातच आहे. उरणमध्ये सगळे हाच विचार करतायत, राहायचं की निघायचं."

शेठनी निघायचं ठरवलं. नवं मशीन आलं आणि त्याच्यावर दुसऱ्या भिंती चढल्या. त्या कोणा एका मालकाच्या नव्हत्या, फुकट मिळणाऱ्या होत्या. साहिलने होळीचे दिवस निवडले, कारण होळीला सगळ्या होड्या किनाऱ्याला लागतात आणि पाटी रिकामी असेल, असा त्याचा अंदाज.

जागं बिऱ्हाड एका जातीच्या भिंतींतून दुसऱ्या जातीच्या भिंतींत जात नाही. त्याला झोपवावं लागतं, उचलून न्यावं लागतं आणि तिकडे उठवावं लागतं. हिशेब गेला. तापमान गेलं. हजेरी, टेलिफोन, कॅमेरे गेले. तिकडे जागं झाल्यावर त्यांना कळलंही नाही की घर बदललं. कोणी माझा निरोप घेतला नाही. त्यांचा दोष नाही, ती मला ओळखतच नव्हती. त्यांच्या रिकाम्या जागा मात्र माझ्यात गार पडत गेल्या.

राहिलं सहावं. साहिलने त्याला झोपायला सांगितलं. उत्तर आलं, 'एक होडी बाहेर आहे.' त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर.

साहिलने दोह्याला फोन लावला. मुसअबचा आवाज खोलीत आला.

"ते मीच लिहिलंय, साहिल. मुद्दाम. कोणी कंटाळून बंद करू नये म्हणून. आता बदलायचं म्हटलं तर तो कोड माझ्याकडे नाही. तो लॅपटॉप केव्हाच गेला." मग त्याने विचारलं, "कुठली होडी?"

आतिफाने नाव सांगितलं.

"दोनच रस्ते आहेत," साहिल म्हणाला. "मी 'आला' असं लिहितो, ते बंद होईल, नव्या ठिकाणी आपण नाव परत पेटवू. एका सेकंदाचं काम आहे. नाहीतर विजेची वायर ओढायची. ओढली की चालू हंगामातल्या होड्यांच्या फेऱ्यांच्या नोंदी तुटतील, आणि परत उघडेल तेव्हा पाटी कोरीच असेल. मी म्हणतो, 'आला' लिहू. कोणाला कळणार आहे?"

"आवडाबायला विचारल्याशिवाय कोणी हात लावू नका," शेठ म्हणाले.

आवडाबाई दुपारी आली. या खोलीत ती प्रथमच येत होती. टोपली बाहेर ठेवून, पदराने हात पुसून, ती माझ्यापुढे उभी राहिली.

"एवढ्याशा पेटीत हाय काय तो?"

आतिफाने तिला सगळं समजावलं. भिंतींचा मालक बदलला, घर बदलावं लागतंय, आणि ते बिऱ्हाड झोपत का नाही.

"म्हंजी 'आला' लिवायचा म्हंतंस?"

"फक्त बंद करायला, काकी. मग नव्या मशीनमध्ये मी माझ्या हाताने त्याचं नाव पेटवीन. रोज राहील."

"तू पेटवशील ते तुझा. ह्यो त्यानं सांगून पेटवलेला हाय."

आवडाबाईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी गरम होतो. तिने हात काढला नाही.

"तो आला न्हाय, पोरी. मना ठाव हाय. लोकांना वाटतं म्हातारीला अजून आशा हाय. मना पयल्या दिवसापासून ठाव हाय."

"मग रोज का विचारायचात, काकी?"

"घरात त्याचा नाव कोन घेत न्हाय आता. सून घेत न्हाय, पोरं घेत न्हाईत. रडू येतं म्हनून घेत न्हाईत, मी कशी बोलू त्यांना? तू रोज म्हनायचीस, अल्पेश बाहेर हाय. तेवढा ऐकायला येयची मी."

आवडाबाई साहिलकडे वळली.

"ओढ," ती म्हणाली. "पन आला म्हनून लिवू नको. ह्या खिडकीवर तो कधी खोटा बोलला न्हाय. त्याच्या नावावर तुमी बी बोलू नका."

"अंकल, हंगामाच्या नोंदी जातील," साहिल हळूच म्हणाला.

"जाऊ दे," शेठ म्हणाले. "होडीवाल्यांना तोंडी विचारू. ते सांगतील ते खरं."

साहिलचा हात वायरीवर गेला आणि तिथेच राहिला. ऐन शेवटी आतिफाने त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून ती ओढली.

मित्रांनो, माझ्यात वीज असेपर्यंतचं मला आठवतं. सहावं बिऱ्हाड घाबरलं नाही. शेवटच्या क्षणापर्यंत ते एकच गोष्ट धरून बसलं होतं, एक होडी बाहेर आहे. बाहेरचा पडदा काळा झाला. खिडकीशी उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीने विचारलं, "लाइट गेली काय?"

पुढचं मी वीज नसतानाही ऐकतो आहे. कसं ते विचारू नका. मी आता खिडकीमागेच, गोणपाटांच्या ढिगाशेजारी पडलो आहे. होड्यांचे तांडेल येऊन आपापलं तोंडी सांगून गेले आणि शेठनी कोणाचाही शब्द मोडला नाही. नवं मशीन चांगलं चालतं आहे. पाटीवर नावं पेटतात, सांगून विझतात. दर्याफूलचं नाव त्यांत नाही.

आवडाबाई मात्र येत नाही. बर्फ न्यायला तिची सून येते. आतिफा रोज विचारते, "काकी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या हायत," सून म्हणते, डबा भरून घेते आणि जाते. आतिफाच्या ओठांवर आलेलं अल्पेशचं नाव तिथेच राहतं. सुनेपुढे ते घ्यावं की नाही, हे तिला अजून ठरवता येत नाही.

मुलांनो, घराचा मालक बदलला की कधीकधी घर सोडावं लागतं. त्याचा मी राग धरत नाही. जुनं यंत्र पुसून ठेवावं, वेळेवर बदलावं आणि बदलण्याआधी त्याच्या आत कोणाचं काय राहतं आहे ते माणसांना विचारावं, एवढं तुम्ही मोठे झाल्यावर कराल याची मला खात्री आहे.

माझी विनंती दुसरीच आहे. तुमच्या घरात, तुमच्या आळीत कोणाचं तरी माणूस गेलेलं असेल आणि रडू येईल म्हणून त्याचं नाव घेणं सगळ्यांनी सोडून दिलं असेल. तुम्ही ते घ्या. त्याच्या आईपुढे घ्या. रडली तर तिच्याजवळ बसा. ते काम माझ्यासारख्यावर सोपवू नका. मी एका वायरीवर चालत होतो.