गाठीचा फाटा

तलमडुगूच्या रेणुकाबाईंना आपल्या तोंडलीच्या वेलीचा भलता तोरा होता. वेल त्यांच्या आईनं दिलेली, आणि तिच्या दांड्यांवर बोटाएवढ्या फुगीर गाठी. लेक सासरी निघाली की रेणुकाबाई नेमका गाठीचाच फाटा छाटून तिच्या ओटीत घालायच्या. गाठीचा फाटा लावला की माहेरची गाठ सुटत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं आणि त्यांच्या ठाम मतांपुढं घरात कुणी तोंड उघडत नसे. थोरली चंचल तो फाटा इचोड्याला घेऊन गेली, मधली सपना बाजारहत्नूरला. आता धाकट्या शीतलचं लग्न परवावर आलं होतं.

अशात उत्कर्षा आली. आदिलाबादच्या कॉलेजात शिकणारी ही पोरगी झाडांवरच्या गाठी मोजत गावोगाव हिंडत होती. घरात हळदीची घाई, आणि ही वेलीखाली उकिडवी बसून ब्लेडनं गाठ चिरत होती.

"बाई, काऊन कापून राह्यली? शुभाची गाठ हाय ते."

"मावशी, हे पाहा." गाठीत एक नारिंगी अळी वळवळत होती. "गादमाशीची अळी. माशी डासाहून बारीक. वेलीवर अंडी घालते, अळी आत रस खाते अन् वेल तिथं फुगते. आंब्याच्या पानावरची माशी येगळी, करंजाची येगळी, भाताची येगळी. आपलं झाड सोडून सहसा दुसऱ्या झाडावर जात नाही."

"संसारी दिसते," रेणुकाबाई म्हणाल्या.

उत्कर्षानं हसत वही उघडली. "पण एक कोडं सुटत नाही, मावशी. ही तोंडलीची माशी मले तीनच जागी सापडली. इथं, इचोड्यात शाळेमागच्या परसात, अन् बाजारहत्नूरले एका विहिरीपाशी. मधातल्या गावांत एकबी गाठ नाही. एवढीशी माशी एवढ्या लांब उडाली कशी?"

ते परस आणि ती विहीर रेणुकाबाई चांगल्या ओळखत होत्या. माशी उडाली नव्हती. दोन्ही वेळा ती लेकीच्या ओटीत बसून, जीपमधून, वाजतगाजत गेली होती. आपण लेकींना आहेर म्हणून कीड दिली.

"मंग त्या वेलीले तोंडली लागत नसंल?"

"लई कमी. तुमची वेल जुनी, दांडगी, म्हणून तगली."

दोघी लेकी लग्नासाठी आलेल्याच होत्या. रेणुकाबाईंनी त्यांना वेलीखाली उभं केलं.

"चंचल, दर दिवाळीले तू पिशवीभर तोंडली आणतं. कोणत्या वेलीची?"

चंचलनं सपनाकडं पाहिलं, सपनानं मांडवाच्या खांबाकडं.

"बाजारातली," चंचल म्हणाली. "तेलुगूत दोंडकाया म्हणून मागते, किलोभर घेते अन् घरच्या पिशवीत भरते. वेलीले चार वर्सांत मूठभर नाही लागली."

"माहीबी तशीच," सपना पुटपुटली.

"मंग उपटून काऊन नाही टाकली?"

"तू देली होती ना," सपना म्हणाली.

रागवावं की रडावं हे रेणुकाबाईंना कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही उरकून घेतलं. मग डोळे पुसून त्यांनी उत्कर्षाला कामाला लावलं. तिनं वेल वरपासून खालपर्यंत तपासून एक बिनगाठीचा फाटा काढून दिला. गाठी सगळ्या तिच्या डब्यात गेल्या आणि 'प्रसार कसा झाला' या रकान्यात तिनं लिहिलं, लेकींमार्फत.

शीतलचा चेहरा मात्र उतरला. "माह्याच फाट्याले गाठ नाही?"

रेणुकाबाईंनी हळदीचा दोरा घेतला, फाट्याला गुंडाळला आणि करकचून गाठ मारली.

"हे घे. हिच्यात माशी नाही," त्या म्हणाल्या. "अन् आयक. तोंडली लागली तर आणजो. नाही लागली तर रिकाम्या हातानं येजो, पण येजो."