धुतलेली मोळी

मित्रांनो, न्हाणीच्या तोंडाशी चिंचेने घासून लखलखीत ठेवलेला तांब्याचा जुना बंब म्हणजे मी. नाशकातल्या तांबटांनी मला ठोकून ठोकून घडवले. मधोमध उभी नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी. समजायला मी इतका सोपा आहे. तरी माझ्या घरच्यांना मी कधी समजलो नाही.

पाहुणे माझी चकाकी पाहून वाहवा करीत. चकाकीने पाणी तापत नाही. जाळीखालची राख काढावी, बारीक फोडलेले कोरडे लाकूड थोडे थोडे टाकावे, म्हणजे पौषातल्या गारठ्यातही मी चटकन कढत पाणी देतो. आमच्याकडे राख जाळीला टेकेपर्यंत साचू देत आणि नळी गच्च कोंबत. त्यावर घरच्या वत्सलाबाईंचे सोवळे. शफी मोळीवाल्याने आणलेली लाकडे त्या आडाच्या पाण्याने धुऊन मगच मला घालीत. मी धुमसलो की म्हणत, "शफी ओली लाकडं गळ्यात मारतो."

शफी म्हणे, "बाई, मी उन्हात वाळवतो, तुम्ही आंघोळ घालता. या थंडीत लाकूड तरी काय करणार?"

त्या पौषात त्यांची लेक मथू बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, अगदीच अशक्त. एका सकाळी सुईण भागीबाई तिला उघडी करून न्हाणीत बसली, आणि माझ्या तोटीतून आले जेमतेम कोमट पाणी. धुराने पोर खोकू लागली. ओठ निळे पडले. भागीबाईने तिला पदरात गुंडाळले.

"असल्या पाण्यानं मी न्हाऊ घालायची नाय. जीव जाईल पोरीचा."

तेवढ्यात शफीने मागल्या दारी कोरडी मोळी टाकली. वत्सलाबाईंनी सवयीने कळशी उचलली.

"कळशी ठेवा बाई," भागीबाई म्हणाली. "नायतर आधी मला धुवा. तुमच्या नातीला पयला हात माझाच लागलाय."

बाळंतिणीच्या खोलीतून मथूचा आवाज आला, "आई, तशीच घाल गं लाकडं."

वत्सलाबाईंनी कळशी ठेवली. "अग्नी सगळं शुद्ध करतोच म्हणा," त्या पुटपुटल्या. हे त्यांना आधी ठाऊक नव्हते असे नाही. गरज पडली नव्हती.

राख निघाली, कोरडे लाकूड पडले, नळी धडधडू लागली. ऊन पाण्याने पोरीचे ओठ पुन्हा लाल झाले. न्हाऊन ती गाढ झोपली.

फाल्गुनात मथू लेकीला घेऊन सासरी गेली. दुसऱ्याच दिवशी कळशी पुन्हा आडावर गेली, आणि धुराचा दोष पुन्हा शफीवर आला.

मित्रांनो, मला घासा किंवा घासू नका. राख काढा आणि लाकूड कोरडे द्या, एवढेच मागणे आहे. इतकी वर्षे लाकडे जाळली, पण मोळी कोणी बांधली हे मला कधी कळले नाही. ओले की कोरडे, एवढेच कळते.